विल की गोइंग टू? तिचं अडलेलं भलतीकडेच

"मॅडम, टेन्सचे सगळे रूल पाठ आहेत, पण समोरच्याने इंग्लिशमध्ये तुला काय वाटतं विचारलं की डोकं ब्लँक होतं." हे मी इतक्यांदा ऐकते की शेवटी एका मुलीची गोष्ट लिहायला घेतली, तिला विचारूनच, आणि ओळख पटेल असं काही ठेवलं नाहीये.

ती कराडकडची, बीएस्सी नर्सिंग झालेली, चार वर्षं वॉर्डात काढलेली. तिला यूकेला जायचंय, तिथे नर्सला आयल्ट्स या इंग्लिशच्या परीक्षेत स्पीकिंगमध्ये, म्हणजे बोलण्याच्या भागात, 7 लागतात आणि तिला मिळाले 6. आल्या आल्या तिने वही उघडली, लाल-निळ्या पेनाने काढलेले फ्युचर टेन्सचे तक्ते, विल हॅव बीन पर्यंत सगळं. वही खरंच सुंदर होती.

स्पीकिंगची टेस्ट 11 ते 14 मिनिटांची. त्यातली शेवटची चार-पाच मिनिटं चर्चा असते, तिथे तुमचं मत विचारतात आणि पुढे काय होईल असं वाटतं तेही. मी तसाच प्रश्न टाकला, दहा वर्षांनी नर्सचं काम रोबो करतील का? ती म्हणाली, "येस मॅडम." आणि गप्प. मग तोच प्रश्न मराठीत विचारला तर बाई सुटलीच, "नाही हो मॅडम, सलाईन लावेल एकवेळ, बीपी घेईल, पण रात्री दोनला पेशंटची आई येऊन रडायला लागली तर तो काय करणार, आणि पेशंट खोटं बोलतोय, गोळी घेतलीच नाहीये, हे चेहऱ्यावरून त्याला कसं कळणार?"

मी म्हटलं, हे आधी कुणाला सांगितलंयस? "मला कोण विचारतंय."

अडलेलं होतं ते इथे. घरी वडील आणि मोठा भाऊ ठरवणार, वॉर्डात डॉक्टर सांगणार आणि ही येस सर म्हणणार. जिला मराठीतच कुणी कधी मत विचारलं नाही तिला ते परक्या भाषेत, घड्याळ लावून, अनोळखी माणसासमोर कुठून सुचणार? ती घरी गेल्यावरही मला हे खूप वेळ टोचत राहिलं.

ग्रामरचं म्हणाल तर ते तिच्या रोजच्या बोलण्यातच होतं. सलाईन संपत आलीये बघून आपण म्हणतो "आता संपणार", तिथे गोइंग टू. "मला वाटतं तो बरा होईल", इथे आय थिंक ही विल. उद्याची भेट ठरलीये म्हणून "उद्या भेटतेय" म्हणतो, तसंच आय ॲम मीटिंग. "एसटी सातला सुटते", द बस लीव्हज् ॲट सेव्हन. फसायला होतं ते "थांबा, मी दार उघडते" याला, आपण आय ॲम ओपनिंग म्हणून मोकळे होतो, तिथे आय विल ओपन हवं, कारण ते त्या क्षणी ठरलंय. आणि "पोचले की फोन करेन" मध्ये "पोचले" ला विल लागत नाही, व्हेन आय रीच एवढंच, मराठीतही आपण "पोचेन की" म्हणत नाहीच ना! "मला नाही वाटत पाऊस येईल", हे तर जसंच्या तसं इंग्लिश, आय डोन्ट थिंक इट विल रेन.

तिची दुसरी भीती अशी की मत चुकलं तर मार्क जाणार. तर मत बरोबर की चूक याला मार्कच नसतात, बोलण्याचा ओघ, शब्द, ग्रामर आणि उच्चार एवढंच बघतात. हे ऐकून ती दोन मिनिटं नुसती बसून राहिली.

होमवर्क एकच दिलं. रोज घरी कुणाला तरी एक मत मराठीत सांगायचं, कारणासकट, आणि रात्री तेच इंग्लिशमध्ये फोनवर रेकॉर्ड करून ऐकायचं. पहिले चार दिवस भाजीवर आणि हवेवर गेले, मी काही बोलले नाही. पाचव्या दिवशी भावाच्या लग्नाचा हॉल ठरत होता तेव्हा ती म्हणाली, "मला नाही वाटत एवढा मोठा हॉल लागेल, पाहुणे तीनशेच होतील." सगळे तिच्याकडे बघायला लागले आणि मग वडिलांनी विचारलं, का गं, तुझ्या मते किती?

त्या रात्रीचं रेकॉर्डिंग तिने मला पाठवलं, साडेतीन मिनिटांचं. त्यात एकदा व्हेन आय विल गो आलंय. ते मी अजून तिला सांगितलेलं नाही, पुढच्या आठवड्यात सांगेन.