‘घातक पलटण’ की ‘घातक तुकडी’?

नौपाडा, ठाणे येथून एका अनुवादक ताईंनी विचारले आहे: लष्करावरच्या मजकुरातील ‘घातक प्लॅटून’चे (पायदळाच्या बटालियनमधल्या निवडक जवानांच्या छोट्या तुकडीचे) मराठीत ‘घातक पलटण’ केले तर चालेल का?

नाही चालणार. अर्थ चाळीसपट फुगतो.

जवानाच्या तोंडी पलटण म्हणजे अख्खी बटालियन, साधारण 800 जणांची. प्लॅटून तीसेक जणांची आणि घातक प्लॅटून तर जेमतेम 20 जणांची. जुने कोश ‘पलटण’ला ‘बटालियन’चा किंवा ‘प्लॅटून’चा अपभ्रंश मानतात, घोळ तिथूनच होतो. ठाण्यात पाडव्याला कौपिनेश्वराच्या स्वागतयात्रेत ‘शाळेची पलटण आली’ म्हणताना कुणी डोकी मोजत नाही. लष्करी मजकुरात मोजावी लागतात. ‘घातक पलटण दबा धरून बसली’ असे लिहिले, तर 800 माणसे एका नाल्याकाठी लपवावी लागतील!

घातक ही पायदळाच्या पलटणीतलीच निवडक माणसे. पॅरा कमांडो, म्हणजे लष्कराचे विशेष दल, वेगळे. छापा, दबा, टेहळणी ही विशेष दलांची कसबे साध्या पायदळात मुरतात ती बेळगावच्या कमांडो प्रशिक्षणातून आणि या प्लॅटूनमधून. बंडखोरांविरुद्धच्या मोहिमेत पलटणीचे दिवस रस्ता सुरक्षित करणे, गस्त, वेढा आणि झडती यांत जातात. पक्की खबर आली की मात्र मोजक्यांनीच अंधारात निघायचे असते. इथे एक दुखणे आहे. चांगले नेमबाज आणि चपळ जवान सगळेच घातकमध्ये उचलले, तर रायफल कंपन्या, म्हणजे पलटणीचे मुख्य लढाऊ गट, लंगड्या पडतात. शिकलेला जवान कंपनीत परतून इतरांना तयार करतो, तेव्हाच सबंध पलटणीला धार येते. ‘पलटण’ आणि ‘प्लॅटून’ एक केले की अनुवादात हे नातेच पुसले जाते.

आता ‘घातक’. हिंदीत ‘घात लगाना’ म्हणजे दबा धरणे, त्यामुळे तिथे या नावाला शिकारीचा वास आहे. मराठीत घात म्हणजे दगा, अपाय. ‘गावात घातक तुकडी दाखल’ हा मथळा वाचून माणूस दाराला कडी लावेल. म्हणून अवतरणचिन्हे हवीतच.

माझी शिफारस: पहिल्या उल्लेखात ‘पलटणीतील “घातक” प्लॅटून, सुमारे 20 जवान’, पुढे नुसते ‘“घातक” तुकडी’. त्याच मजकुरात 10 जणांचे सेक्शन येत असेल तर त्याला सेक्शनच म्हणा, तुकडी नको. ‘कमांडो पलटण’ हा पर्यायही टाळा. त्यातून पॅरा कमांडोंची स्वतंत्र बटालियन डोळ्यांपुढे येते.