मार्नर गेल्यानंतर टोरंटो मेपल लीफ्सचं यंदा काय होईल?

तुम्ही विचारलंय की मिच मार्नर हा स्टार खेळाडू टोरंटो मेपल लीफ्स हा आइस हॉकी संघ सोडून गेला, ८ ऑक्टोबर २०२५ ला मॉन्ट्रियलविरुद्ध २०२५-२६ चा नवा हंगाम सुरू होतोय, तर लीफ्सकडून कितपत आशा ठेवायची? कॅनडात येऊन जेमतेम वर्ष झालंय, तेव्हा जरा सोपं करून सांगा, असंही लिहिलंय. मी एकोणीस वर्षं हा संघ पाहतोय, मनापासून पाहतोय, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

आधी उत्तर. माझ्या मते यंदा ९२ ते ९८ गुण होतील आणि प्लेऑफचा, म्हणजे साखळी सामन्यांनंतरच्या बाद फेरीचा, उंबरठा कसाबसा ओलांडला जाईल. तो चुकला तरी मला धक्का बसणार नाही. मार्नरचं जाणं हे त्यामागचं निम्मंच कारण आहे. उरलेलं निम्मं गेल्या वर्षीच संघात होतं, फक्त गोलरक्षकांनी ते झाकून ठेवलं होतं.

गेल्या हंगामात ८२ सामन्यांत ५२ विजय, २६ पराभव, आणि ४ सामने जादा वेळेत किंवा शूटआउटमध्ये हरलेले. विजयाला २ गुण आणि जादा वेळेतल्या पराभवाला १, म्हणजे एकूण १०८. लीगच्या (एनएचएलच्या) अटलांटिक विभागात, म्हणजे आठ संघांच्या गटात, पहिला नंबर. टँपा १०२, फ्लोरिडा ९८, ओटावा ९७. हे वाचून कुणालाही वाटेल की संघ उत्तम आहे, एक माणूस गेला तर काय बिघडतं? पण दोन्हीकडे पाच-पाच खेळाडू बर्फावर असताना, म्हणजे कुणालाही पेनल्टी नसताना, कोण कुणाच्या गोलवर जास्त फटके मारतंय ते बघा. लीफ्स त्यात कमी पडत होते. पक (रबराची चकती) जास्त वेळ समोरच्यांकडे, आणि आपण आपल्याच गोलसमोर अडकलेले. तरीही ५२ विजय मिळाले, कारण अँथनी स्टोलार्झने आलेल्या फटक्यांपैकी ९२.६ टक्के अडवले आणि त्याचा जोडीदार जोसेफ वोलनेही २७ सामने जिंकून दिले.

स्टोलार्झ गेल्या हंगामात ३४ सामने खेळला. त्याच्या कारकिर्दीत एका हंगामात यापेक्षा जास्त सामने तो कधीच खेळलेला नाही. त्याआधीच्या वर्षी फ्लोरिडाने स्टॅन्ली कप (लीगचं विजेतेपद) जिंकला तेव्हा तो बोब्रोव्स्कीच्या मागे दुसरा गोलरक्षक होता. गेल्या हंगामात डिसेंबरमध्ये गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि फेब्रुवारीपर्यंत तो बाहेर होता. आता वोल वैयक्तिक कारणासाठी रजेवर गेलाय, म्हणजे सुरुवातीचा सगळा भार स्टोलार्झवरच येणार. त्यात फेब्रुवारीत ऑलिंपिकसाठी लीग थांबणार असल्यामुळे तेच ८२ सामने कमी दिवसांत बसवलेत.

माझी मुलगी गल्लीतल्या मुलींच्या संघात गोलरक्षक आहे. शनिवारी पहाटे सहाच्या सरावाला पॅडचे पट्टे मी बांधतो. गोलरक्षक गुडघे आत वळवून एकदम बर्फावर बसतो, पॅड आडवे पडतात आणि खालची सगळी जागा बंद होते. पॅड बर्फावर आपटल्याचा तो धप्प आवाज तासाभरात मी शंभर वेळा तरी ऐकतो. मग एका पायावर उठायचं, दुसरीकडे ढकलत जायचं, पुन्हा धप्प. घरी येताना गाडीत ती गुडघे चोळत बसते, आणि ती अकरा वर्षांची आहे. एकतिशीतल्या, शस्त्रक्रिया झालेल्या माणसाने हे सलग पन्नास सामने करायचं, तेही ताशी दीडशे किलोमीटरने येणाऱ्या पकसमोर. स्टोलार्झबद्दल मला प्रचंड आदर आहे. म्हणूनच सगळा संघ त्याच्या गुडघ्यांवर उभा करायला नको होता असं वाटतं.

आता मार्नर. गेल्या वर्षी ८१ सामन्यांत १०२ पॉइंट्स, त्यात २७ गोल आणि ७५ पास. (संघाचे गुण वेगळे आणि खेळाडूचे पॉइंट्स वेगळे. गोल केला किंवा गोलसाठी पास दिला की खेळाडूच्या नावावर एक पॉइंट लागतो.) तो व्हेगासला वर्षाला १ कोटी २० लाख डॉलर्सवर आठ वर्षांसाठी गेला आणि बदल्यात निकोला रुआ हा सेंटर (मधला आक्रमक) आला. रुआ उंचापुरा, मेहनती, तिसऱ्या ओळीत (आलटून पालटून उतरणाऱ्या आक्रमकांच्या तिकड्यांपैकी तिसरीत) चपखल बसेल. पण मार्नर सामन्यात एकवीस मिनिटांच्या आसपास खेळायचा. एक माणूस कमी असताना पेनल्टी किलमध्ये तो, एक माणूस जास्त असताना पॉवर प्लेमध्ये तो, आघाडी टिकवायची असली की शेवटच्या मिनिटालाही तोच. गोल इकडून तिकडून कुणी ना कुणी करेल. ही एकवीस मिनिटं कुणाला द्यायची हा खरा पेच आहे, आणि प्रशिक्षक क्रेग बेरूबीकडे ती तीन-चार जणांत वाटण्यावाचून पर्याय नाही.

लीफ्सचा कर्णधार ऑस्टन मॅथ्यूजच्या उजवीकडे मॅक्स डोमी किंवा मटियास मॅसेली खेळेल. मॅसेलीने २०२३-२४ मध्ये अ‍ॅरिझोनाकडून ५७ पॉइंट्स मिळवले होते, गेल्या वर्षी यूटाकडे ५५ सामन्यांत फक्त १८. यातला खरा मॅसेली कुठला ते डिसेंबरपर्यंत कळेल. ईस्टन कोवान हा तरुण पोरगा मला फार आवडतो. मेमोरियल कपमध्ये (कॅनडातल्या ज्युनियर हॉकीच्या अंतिम स्पर्धेत) तो सर्वोत्तम खेळाडू ठरला होता. पण त्याच्यावर आत्ताच ओझं टाकू नये.

सगळ्यांत मोठा प्रश्न ऑस्टन मॅथ्यूजचा आहे. २०२३-२४ मध्ये ६९ गोल, गेल्या वर्षी दुखण्यामुळे ६७ सामन्यांत ३३. मधे उपचारांसाठी जर्मनीलाही जाऊन आला. तो अठ्ठावीसचा आहे, म्हणजे संपलेला मुळीच नाही. त्याने पन्नास गोल केले तर माझा वरचा अंदाज सरळ दहा गुणांनी वाढवा. बाकी आक्रमकांपैकी नीलँडरच्या गेल्या वर्षीच्या ४५ गोलांवर आणि नाइजच्या वाढत्या ताकदीवर माझा भरवसा आहे. टव्हारेसने कमी पैशांत राहून संघावर उपकारच केलेत, पण गेल्या वर्षीचे ३८ गोल पस्तिशीत पुन्हा होतील असं धरून चालू नये.

बचावफळीबद्दल लोक कमी बोलतात. मला तिचीच काळजी जास्त आहे. मे महिन्यात प्लेऑफच्या मालिकेतला (सातपैकी चार जिंकणारा पुढे जातो) फ्लोरिडाविरुद्धचा पाचवा सामना मी स्कोशियाबँक अरेनाबाहेरच्या चौकात मोठ्या पडद्यावर पाहिला. मालिका २-२ अशी होती. फ्लोरिडाचे दोघे जण मागच्या कोपऱ्यात अंगावर धावून यायचे, लीफ्सचा बचावपटू पक हातात आल्या आल्या कडेच्या काचेवरून बाहेर भिरकावायचा, आणि निळ्या रेषेवर (लीफ्सच्या बचावक्षेत्राच्या सीमेवर) उभा असलेला फ्लोरिडाचा माणूस तो आरामात अडवून परत आत टाकायचा. पुन्हा तेच. माझ्या शेजारी एक आजोबा निळा स्वेटर घालून उभे होते. दुसऱ्या सत्राच्या मध्यात ते काही न बोलता निघून गेले. ६-१. चार दिवसांनी सातवा सामनाही घरच्याच बर्फावर, पुन्हा ६-१ ने हार. २-० अशा आघाडीवरून मालिका गेली. २०१८ पासूनचा मालिकेतला निर्णायक सातवा सामना खेळण्याची ही सहावी वेळ, आणि सहाही हरलेले. शेवटचा स्टॅन्ली कप १९६७ चा, हे तर तुम्हाला ऑफिसात पहिल्याच दिवशी कुणीतरी ऐकवलं असेल.

त्या कोपऱ्यातून पक शांतपणे उचलून, मान वर करून, नेमका पास देऊन बाहेर काढणारा बचावपटू उन्हाळ्यात आणलेला नाही. टॅनेव्ह पस्तिशीचा, एकमन-लार्सन चौतीसचा, रायली एकतीसचा. मकेब आणि कार्लो भक्कम आहेत, अंगावर पक झेलतात, पण पक घेऊन पुढे जाणारे ते नव्हेत. गेल्या वर्षी ही उणीव कोण भरून काढायचं? मार्नर. तो मागे उतरून पक घ्यायचा आणि स्वतः वर घेऊन यायचा. म्हणून मला त्याच्या १०२ पॉइंट्सपेक्षा हे काम जास्त आठवतंय.

बाकी विभागही बदललाय. फ्लोरिडाचा कर्णधार बारकोव्ह पहिल्याच सरावात गुडघा दुखावून कित्येक महिन्यांसाठी बाहेर गेला आणि मॅथ्यू कचकही शस्त्रक्रियेमुळे सुरुवातीला नाही. लागोपाठ दोन वर्षं कप जिंकलेला संघ डळमळला, म्हणून लीफ्सचे पाठीराखे खूश आहेत. पण मॉन्ट्रियलने नोआ डॉबसन आणलाय, लेन हटसन तर आधीपासूनच आहे, आणि पक पुढे नेणारे असे दोन बचावपटू लीफ्सकडे एकही नसताना त्यांच्याकडे आहेत. ओटावा वर सरकतोय. डेट्रॉइटने जॉन गिब्सनसारखा गोलरक्षक घेतलाय. फ्लोरिडाची मोकळी झालेली जागा आपोआप आपलीच, असं समजायला आधार नाही.

तुम्हाला स्वतः अंदाज बांधायचा असेल तर पहिले वीस सामने पाहताना निकालाकडे थोडं दुर्लक्ष करा. लीफ्सचा बचावपटू मागच्या भिंतीजवळ पक घेतो तेव्हा तो पुढे काय करतो, तेवढं मोजा: पास की भिरकावणं. मी वहीत रेघा ओढतो, मुलगीही शेजारी बसून मोजते. आणि वोल परत येईपर्यंत स्टोलार्झ लागोपाठच्या दिवसांत किती वेळा खेळतो ते लिहून ठेवा. नोव्हेंबरच्या मध्यावर हे दोन आकडे मला कळवा, मी माझा ९२ ते ९८ चा अंदाज त्यावरून बदलेन.