पाचगणीत कुंडीत यायचं ते आटपाडीत का येत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पाचगणीत असताना पंधराएक कुंड्यांत टोमॅटो, घेवडा, कोथिंबीर चांगली यायची. बदली झाली, सांगलीच्या दुष्काळी पट्ट्यातल्या आटपाडीला आलात. त्याच कुंड्या, तीच लाल माती, तेच बियाणं. फेब्रुवारीत लावलं आणि आता एप्रिलमध्ये टोमॅटोची फुलं गळताहेत, कोथिंबीर वीतभर व्हायच्या आत फुलोऱ्यावर आली, घेवड्याच्या पानांच्या कडा करपल्या. खत कमी पडतंय का, असं तुम्ही विचारलंय.

खत कमी पडत नाही. आत्ता खत घातलंत तर उलट घेवडा सगळ्यात आधी जाईल. तिन्ही पिकांची दुखणी वेगवेगळी आहेत. टोमॅटोला रात्र नडतेय, कोथिंबिरीला दिवस आणि घेवड्याला पाणी. तीन गोष्टी वेगळ्या करून पाहिल्या की कुठल्याही गावात काय लावायचं ते ठरवता येतं. बियाण्याच्या पाकिटावर छापलेल्या महिन्यावर मात्र जाऊ नका, ते पाकीट सगळ्या राज्यासाठी एकच असतं.

आधी टोमॅटो. दिवसाचा पारा 34-35 च्या वर आणि रात्रीचा 21-22 च्या खाली उतरतच नसेल, तर परागकण निकामी होतात आणि फूल देठाच्या गाठीपासून सुटून पडतं. झाड हिरवंगार दिसतं, फुलंही भरपूर येतात, फळ मात्र धरत नाही. म्हणून माणसाला खताची शंका येते. पाचगणी 1300 मीटरच्या आसपास उंचीवर आहे, आणि दर 100 मीटरला हवा साधारण अर्ध्या अंशाहून थोडी जास्त थंड होते. तिथं एप्रिलची रात्र टोमॅटोला मानवते, आटपाडीत मानवत नाही. आटपाडी, जत, दहिवडी, विटा या पट्ट्यात टोमॅटोचं रोप ऑगस्टअखेर ते सप्टेंबरमध्ये टाकायचं, 25 दिवसांनी लावायचं आणि फळं डिसेंबर ते फेब्रुवारी खायची. पाचगणीत तोच टोमॅटो फेब्रुवारीत लावून एप्रिल-मेमध्ये तोडता येतो. बियाणं घेताना ‘अर्का रक्षक’ मिळालं तर बघा, पर्णगुच्छ (पानं आखडून गोळा होण्याचा विषाणूरोग), मर आणि लवकर येणारा करपा या तिन्हींना ते बऱ्यापैकी दाद देत नाही. कोरड्या भागात पांढरी माशी जास्त आणि पर्णगुच्छ तीच पसरवते, त्यामुळे रोप लहान असताना 25 दिवस नायलॉनच्या बारीक जाळीखाली ठेवणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. सध्याच्या झाडांची पानं वर वळून गोळा झाली असतील तर ती उपटून टाका. पानं नीट असतील तर अर्ध्यावर छाटून सावलीत ठेवा, जूनमध्ये हवा उतरली की पुन्हा फुटतील.

कोथिंबीर उष्णतेत आणि मोठ्या दिवसांत लवकर फुलावर येते. एकदा कुंडी पूर्ण वाळली की आणखी घाई करते. उन्हाळ्यात तिच्याकडून दोन-तीन कापण्यांची अपेक्षाच धरू नका. सहा इंच खोल पसरट ट्रे घ्या. दोन चौरस फुटांच्या ट्रेला दोन चमचे धणे पुरतात. पोळपाटावर हलक्या हाताने रगडून दोन डाळ्या करा, बारा तास भिजवा, सेंटिमीटरभर खोल पेरा, आणि 25 दिवसांत मुळासकट उपटून वापरा. दर दहा दिवसांनी नवा ट्रे पेरला की घरात कोथिंबीर तुटत नाही. ट्रेवर 50 टक्क्यांची शेडनेट हवी. 75 टक्क्यांची घेऊ नका, तिच्याखाली रोपं लांबुडकी होऊन लोळतात. पालेभाजीच हवी असेल तर मे महिन्यात माठ, तांदळी आणि चिघळ (म्हणजे घोळ) लावा. चिघळ तर या उन्हात विशेष खुलते, आणि आपल्याकडे तिला तण समजून उपटतात याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता घेवडा, आणि इथं जरा सविस्तर सांगावं लागेल, कारण आटपाडीत पुढं तुम्ही काहीही लावलंत तरी हाच प्रश्न येणार आहे.

पाचगणीचं पाणी बहुतेक पावसाचं, झऱ्याचं, म्हणजे गोडं. आटपाडीत तुम्ही बोअरचं पाणी घालत असाल. कुंडीच्या काठाला आणि मातीवर पांढरा थर आलाय का बघा. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार; ते मोजणारा खिशातला मीटर स्वस्तात मिळतो, तो घ्याच. पाण्याचा टीडीएस 1000 असेल तर प्रत्येक लिटरमागे एक ग्रॅम क्षार कुंडीत पडतात. पाणी उडून जातं, क्षार मागं राहतात. रोज दीड लिटर धरलं तर दोन महिन्यांत 90 ग्रॅम. पंधरा लिटरच्या लागवडीच्या पिशवीत (ग्रो बॅग) वाटीभर मीठ ओतल्यासारखं झालं ते. मुळांना मग ओल असूनही पाणी ओढता येत नाही, आणि क्षार पानाच्या टोकाकडे जाऊन साठतात, म्हणून कडा आधी जळतात. त्यात खताचे क्षार आणखी घातले की संपलंच.

घेवडा, गाजर, कांदा आणि स्ट्रॉबेरी क्षाराला सगळ्यात नाजूक. पालक त्या मानाने बराच सोशिक, बीट आणि गवार त्याहून. माझा ठोकताळा असा आहे: टीडीएस 500 पर्यंत काहीही लावा, 500 ते 1000 मध्ये घेवडा-गाजर पावसाच्या पाण्यावरच घ्या, 1500 च्या पुढे गवार, बीट, पालक, माठ एवढ्यावर थांबा. नळाला गोडं पाणी येत असेल तर प्यायचं भरून झाल्यावर उरलेलं कुंड्यांना ठेवा. आरओच्या मशीनमधून बाहेर टाकलेलं पाणी कुंडीला अजिबात नको, त्यात क्षार आणखी दाट झालेले असतात.

साठलेले क्षार धुऊन काढता येतात. पंधरा लिटरच्या पिशवीला तीस लिटर गोडं पाणी, दोन-तीन टप्प्यांत, सावकाश. खालून निघणारं पाणी बशीत साठू देऊ नका. दुष्काळी भागात एवढं पाणी कुणी कुंडीला घालणार नाही हे कळतं, म्हणून हे काम वळवाच्या पावसावर सोडा. मे महिन्यात ढग भरले की सगळ्या कुंड्या-पिशव्या उघड्यावर आणा. आणि पत्र्याचं पाणी धरा. 200 चौरस फुटांच्या पत्र्यावर 10 मिमीची एक सर पडली तर 180 लिटरच्या वर पाणी येतं, सांडलवंड धरूनही 150 लिटर हाती लागतं. पन्हळीखाली एक पिंप ठेवलं तर घेवड्याची बरीच सोय होते. पहिल्या सरीचं पाणी सोडून द्या, पत्र्यावरची धूळ त्यात असते.

तुमची दुसरी अडचण माती आणि कुंडी. महाबळेश्वरला वर्षाला 5000 मिमीच्या वर पाऊस पडतो, पाचगणीला त्याच्या निम्म्याहून कमी, आणि आटपाडी 500 मिमीच्या आसपास घुटमळते. पाचगणीत पाणी निघून जावं म्हणून आपण भुसभुशीत मिश्रण करतो, गादीवाफा आठ-दहा इंच उचलतो. आटपाडीत नेमकं उलटं करायचं: अंगणात वाफा जमिनीपेक्षा चार इंच खाली घ्यायचा, म्हणजे दिलेलं पाणी तिथंच राहतं आणि वाराही कमी लागतो. कुंडीसाठी तुमच्या जुन्या लाल मातीचे चार भाग, पूर्ण कुजलेलं शेणखत तीन भाग, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा, दाबलेल्या विटेत मिळतो) तीन भाग. कोकोपीट आधी दोनदा भिजवून निथळा, स्वस्तातल्या विटेत मीठ असतं. आठ इंची कुंडी इथं चालणार नाही, दुपारपर्यंत वाळते. फळभाजीला 15 ते 20 लिटरची पिशवी घ्या. काळी पिशवी गच्चीवर तापून मुळं भाजते, तेव्हा तिला गोणपाट गुंडाळा किंवा बाहेरून चुना मारा, आणि पिशव्या एकमेकींना चिकटवून ठेवा. पश्चिमेच्या बाजूला सावली मिळाली तर अर्धं काम होतं.

वरून उसाचं पाचट बारीक तोडून दोन इंच पसरा. ते मातीत मिसळू मात्र नका, कुजताना नत्र ओढून घेतं आणि झाड पिवळं पडतं. हेच पाचट पाचगणीच्या पावसाळ्यात वापरलं असतं तर गोगलगायींना घर झालं असतं. मेमध्ये पिशवीतल्या मोठ्या झाडाला दिवसाला दीड ते दोन लिटर पाणी लागतं, डिसेंबरात अर्धा-पाऊण लिटर पुरतं. अंगणात वाफा असेल तर मडकं पुरा: चार-पाच लिटरचं, न रंगवलेलं, झिलई नसलेलं. आधी भरून रात्रभर ठेवा. सकाळी बाहेरून ओलसर लागलं तर कामाचं. गळ्यापर्यंत पुरून भोवती वीतभर अंतरावर चार रोपं लावा, तोंडावर झाकण ठेवा, दोन-तीन दिवसांनी भरा. खारं पाणी असेल तर मडक्याची छिद्रं बुजतात, दर हंगामाला काढून घासावं लागतं.

खताचंही उलटं. पाचगणीत पाऊस खत धुऊन नेतो, म्हणून दर दहा दिवसांनी थोडं थोडं घालावं लागतं. आटपाडीत ते साचतं, महिन्यातून एकदा मूठभर गांडूळखत पुष्कळ. आणि चुना! तिकडच्या लाल, आंबट मातीला चौरस मीटरला 100 ग्रॅम चुन्याची पूड उपयोगी पडते, ती सवय इकडे आणू नका. इथल्या मातीत आणि पाण्यात चुना आधीच भरपूर आहे. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर ती लोहाची कमतरता. लिटरभर पाण्यात अर्ध्या लिंबाचा रस आणि 5 ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट), संध्याकाळी फवारा, आठ दिवसांनी परत एकदा.

रोगांची ओळखही बदलेल. पाचगणीत केवडा आणि करपा, म्हणजे पान ओलं राहिल्यावर येणारे. आटपाडीच्या हिवाळ्यात भुरी, म्हणजे पानावरची पांढरी पूड, येईल, तिला ओलं पान लागतच नाही. तासगावच्या द्राक्षबागायतदाराला हा फरक कुणी शिकवावा लागत नाही. भुरीला पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला 2 ग्रॅम, पण ऊन 32 अंशांच्या वर असेल तर नको, पानं भाजतात. काकडीवर्गाला आधी दोन पानांवर मारून बघा.

तुमच्या ओळखीचं कुणी कृष्णाकाठी, पलूस-वाळवा-मिरजेकडे राहत असेल तर त्यांना हे सगळं जसंच्या तसं सांगू नका. तिथली काळी माती कुंडीत भरली की भिजल्यावर चिखल, वाळल्यावर भेग. पाव भागापेक्षा जास्त घेऊ नये. हवा मात्र आटपाडीपेक्षा सौम्य, आणि वांग्याला तर तो काठ फारच मानवतो.

आता या आठवड्यात काय करायचं ते सांगतो. घेवडा काढा. त्या कुंड्या धुऊन, नाहीतर वळवापर्यंत रिकाम्या ठेवून घ्या. नव्या मिश्रणात गवार पेरा, ‘पुसा नवबहार’ फांद्या न फोडता सरळ वाढते, त्यामुळे एका पिशवीत चार रोपं मावतात. पन्नासेक दिवसांत शेंग. नत्राचं खत देऊ नका, नुसता पाला वाढेल. दुसऱ्या पिशव्यांत चवळी. शेंड्यावर काळा मावा दिसला की बोटांनी चिरडा आणि लिटरभर पाण्यात 5 मिली पातळ साबण घालून मारा. भेंडीला घाई नको, जूनच्या पहिल्या पावसावर लावा, एक दिवसाआड तोडायची तयारी ठेवून. अंगण असेल तर एक शेवगा, दोन फूट खड्ड्यात, तीन फुटांवर शेंडा खुडून. घेवडा पुन्हा ऑक्टोबरात, पिंपातल्या पाण्यावर.

आणि जूनमध्ये दोडका किंवा दुधी मांडवावर चढवलात, तर फळ धरत नाही म्हणून सकाळी फुलं शोधू नका. दोघांचीही फुलं संध्याकाळी उमलतात. साडेपाच-सहानंतर नर फूल तोडून, पाकळ्या मागं सारून, मागे बारीक फळ असलेल्या मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच फिरवा. काकडी आणि कारल्याला हेच काम सकाळी नऊच्या आत करायचं.