दोरी तुटली म्हणून अख्खं ब्लाइंड टाकू नका

ताई, तुमचं लातूरचं घर, पश्चिमेची खिडकी, इंचभर ॲल्युमिनियम पट्ट्यांचं ब्लाइंड. एका अंगाने ते खाली लोंबतंय, मधल्या दोन पट्ट्या मुडपल्यात, आणि दुकानदार म्हणतो, ‘हे दुरुस्त होत नाही, नवीन बसवा.’ होतं की दुरुस्त! हातभर दोरी विकून त्याला काय सुटणार, म्हणून तो तसं म्हणतोय.

एका अंगाने लोंबतंय याचा अर्थ त्या बाजूची उचलायची दोरी गेली. या ब्लाइंडमध्ये दोन जातीच्या दोऱ्या असतात. एक शिडीसारखी विणलेली असते, तिच्या आडव्या धाग्यांवर पट्ट्या टेकतात आणि कांडी फिरवली की ती त्यांना कलवते. दुसरी सरळ दोरी प्रत्येक पट्टीच्या भोकातून खाली उतरून तळपट्टीत गाठीने अडकते, तिच्यावर सगळं वरखाली होतं. शिडी शाबूत असेल तर काम निवांत दुपारचं आहे. शिडीच तुटली असेल तर मात्र पट्ट्यांमधलं अंतर जुळणारी शिडी मिळाल्याशिवाय हात घालू नका.

उचलायची दोरी बहुतेक वेळा वरच्या पेटीतल्या लॉकपाशी, म्हणजे तिला हव्या उंचीवर धरून ठेवणाऱ्या अडकणीपाशी, झिजते. तिथली दातेरी फिरकी रोज तिला त्याच जागी चावते, त्यात पश्चिमेचं ऊन. म्हणून नवी दोरी घेताना पॉलिएस्टरची, विणीची घ्या. नायलॉन दिसायला दणकट, पण ताणलं जातं आणि उन्हात पॉलिएस्टरपेक्षा लवकर कुजतं. इंचाच्या पट्टीला दीड मिलिमीटरच्या आसपासची जाडी लागते. जाड दोरी लॉकमधून सरकत नाही आणि बारीक दोरी लॉक धरत नाही. गंजगोलाईच्या बाजारात जाल तेव्हा जुना तुकडा पर्समध्ये ठेवा, त्याला जुळवूनच घ्या. लांबी खिडकीच्या उंचीच्या दुप्पट, अधिक रुंदी, वर हातभर जादा. आणि दोन्ही बाजूंच्या दोऱ्या बदला. दुसरीचंही वय तेवढंच आहे.

आता उतरवायचं. ब्लाइंड पूर्ण खाली सोडा, ब्रॅकेटची झाकणं उघडा, पेटी बाहेर ओढून दिवाणावर आडवी टाका. काहीही सोडवण्याआधी शाबूत बाजूचे मोबाइलवर फोटो काढा: दोरी लॉकमध्ये कशावरून जाते, कशाखालून येते, पट्ट्यांमध्ये कशी उतरते. नवी बाजू त्याच्याकडे बघून ओवायची आहे.

तळपट्टीची प्लास्टिकची बुचं स्क्रू ड्रायव्हरने हलकेच उचकटा, आत गाठ दिसेल. जी दोरी अजून सलग आहे तिची गाठ कापा आणि त्या टोकाला नव्या दोरीचं टोक जोडा. दोन्ही टोकं काडीने वितळवून चिकटवतात, पण बोट भाजतं. त्यापेक्षा सुईदोऱ्याने टोकाला टोक शिवून घ्या, जोड दोरीपेक्षा जाड होऊ देऊ नका. मग लॉकच्या बाजूने जुनी दोरी ओढत गेलं की नवी तिच्यामागे आपोआप वर येते.

तुटलेली बाजू हातानेच ओवावी लागेल. टोकाला फेविक्विकचा थेंब लावून वाळू द्या, ते सुईसारखं ताठ होतं. भोकातून जाताना दोरी शिडीच्या एका आडव्या धाग्याच्या डावीकडून, पुढच्याच्या उजवीकडून, अशी आलटून पालटून न्या. ही अदलाबदल चुकली तर पट्ट्या बाजूला सरकायला लागतात. शेवटी गाठी मारण्याआधी तळपट्टी दोन्हीकडून सारख्या उंचीवर आहे ना, ते टेपने मोजा.

मुडपलेल्या पट्ट्यांचं काम याच वेळी उरका, कारण दोरी काढलेली असतानाच पट्टी शिडीतून आडवी निघते. ॲल्युमिनियमला एकदा कडक घडी पडली की ती दाबून जात नाही. पण नवी पट्टी शोधत हिंडायची गरज नाही. तयार ब्लाइंड बहुधा खिडकीपेक्षा लांब असतं, खाली सोडल्यावर तळाशी चारदोन पट्ट्या एकावर एक साचून बसतात. त्यातल्या दोन मध्ये घाला आणि वाकड्या तळाला टाका, किंवा काढूनच टाका.

लॉक नुसतंच अडकत असेल तर तेल घालू नका, ना खोबरेल ना मशीनचं. आपल्याकडचा उन्हाळ्यातला फुफाटा त्या तेलावर बसून आठवडाभरात चिखल होतो. जुन्या टूथब्रशने झाडा, हवंच असेल तर सिलिकॉन स्प्रेचा एक फुसकारा. कांडी फिरते पण पेटीतला दांडा फिरत नसेल तर आधी तो दांडा निसटलाय का पाहा. तो जागेवर असेल तर गिअरचे दाते गेलेत, तेवढा भाग बदला. दुकानात नेताना दांडा चौकोनी, षटकोनी की एका बाजूने चपटा, ते दाखवा.

धुण्याबद्दल तुम्ही विचारलंय. व्हिडिओतले लोक अख्खं ब्लाइंड बाथटबात बुडवतात. २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून रेल्वेने आलेलं पाणी पाहिलेल्या लातूरकराने हे करू नये असं माझं मत आहे. हातात जुना मोजा घाला, ओला करून पिळा आणि पट्टी दोन बोटांत धरून पुसत जा.

घरात लहान मूल आहे असं लिहिलंय, तर एक गोष्ट टाळू नका. ओढायच्या दोऱ्यांचा खाली फास होऊ देऊ नका, मुलांच्या गळ्याभोवती तो बसून जीव गेलेले आहेत. दोऱ्या खाली एकत्र बांधू नका, प्रत्येकीला वेगळा गोंडा लावा, मुलाचा हात पोचणार नाही अशा उंचीवर भिंतीला खुंटी ठोकून त्यावर गुंडाळून ठेवा, आणि पलंग किंवा खुर्ची खिडकीखालून हलवा.

उन्हाचं म्हणाल तर ब्लाइंड कितीही नीट केलं तरी पश्चिमेची झळ पूर्ण थांबणार नाही. ऊन काचेतून आत येऊन पट्ट्या तापवतं आणि ती उष्णता खोलीतच राहते. ती अडवायची तर काचेच्या बाहेर. बाहेरून बांबूच्या कामट्यांचा चिकाचा पडदा सोडा, मार्च ते जून पुरेल. त्याची खालची दोन्ही टोकं गजाला बांधून टाका, नाहीतर पहिल्याच वावटळीत काचेवर आपटेल.