कॉन्स्टंटाइनने गादी का सोडली?

प्रश्न : स्कॉटलंडच्या सहलीत सेंट अँड्र्यूजला आम्हाला सांगण्यात आलं, की राजा दुसरा कॉन्स्टंटाइन इंग्रजांकडून हरला आणि लाजेपायी इथल्या मठात जाऊन राहिला. हे खरं आहे का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : हरला हे खरं. लाजेचं मात्र मला पटत नाही. ब्रुनानबर्हची लढाई झाली 937 साली आणि त्याने गादी सोडली 943 मध्ये. मधली सहा वर्षं तो राज्यच करत होता!

पराभव साधा नव्हता. डब्लिनचा राजा ओलाफ सोबत असूनही इंग्रजांचा राजा एथेलस्टन याने दोघांचा धुव्वा उडवला. इंग्रजांच्या विजयकाव्यात ‘पिकल्या केसांचा’ हा योद्धा मुलाला रणात टाकून परतला, असं हिणवलं आहे. ती ओळ वाचताना मला दरवेळी त्या बापाचंच वाईट वाटतं.

पण हा माणूस त्याआधीही खाली पडून उठलेला होता. 900 साली तो राजा झाला. तिसऱ्याच वर्षी व्हायकिंगांनी डंकेल्ड लुटलं. पुढच्या वर्षी स्ट्रॅथर्नमध्ये त्या व्हायकिंगांचीच कत्तल झाली. 906 मध्ये स्कूनच्या टेकडीवर बिशप केलाखच्या जोडीने त्याने धर्माचे नियम पाळायची शपथ घेतली. 934 मध्ये एथेलस्टनचं सैन्य डनॉटरपर्यंत आणि आरमार स्कॉटलंडच्या उत्तर टोकाच्या केथनेसपर्यंत पोचलं. त्याच सप्टेंबरात इंग्लंडमधल्या बकिंगहॅमच्या एका सनदेवर साक्षीदार म्हणून कॉन्स्टंटाइनचं नाव आहे, ‘मांडलिक राजा’ म्हणून. एवढी मानहानी गिळूनही तीन वर्षांत तो ब्रुनानबर्हला उभा ठाकला.

मग गादी का सोडली? मला वयाचं कारण खरं वाटतं. त्याचे वडील एड 878 मध्ये मारले गेले, म्हणजे 943 मध्ये हा साठीच्या बराच पुढे होता. अल्बाच्या (म्हणजे तेव्हाच्या स्कॉटलंडच्या) राजांची बखरही तेच सांगते : म्हातारपणाने जर्जर झालेल्या राजाने हाती काठी घेतली, देवाची सेवा पत्करली आणि राज्य माल्कमला दिलं. माल्कम त्याचा मुलगा नव्हे, त्याच्या आधीच्या राजाचा, म्हणजे चुलतभावाचा मुलगा. सत्तेसाठी त्याने म्हाताऱ्याला रेटलं असेल, असं काही अभ्यासक मानतात. ती शक्यता मी नाकारत नाही.

त्याच बखरीत माल्कमच्या सातव्या वर्षाची नोंद आहे. इंग्रजांवर टीस नदीपर्यंत धाड पडली. काहीजण म्हणत, ती धाड कॉन्स्टंटाइनचीच. त्याने माल्कमकडे आठवड्यापुरतं राज्य परत मागितलं होतं, इंग्रजांना ‘भेटून’ येण्यासाठी.