मृण्मयी : ‘ण’ की ‘न’?

प्रश्न : मुलीचं नाव ‘मृण्मयी’ ठेवायचं ठरलंय. नावांच्या यादीत अर्थ ‘पृथ्वीची मुलगी, सीता’ असा दिलाय. तो बरोबर आहे का? आमचे एक नातेवाईक म्हणतात, शुद्ध रूप ‘मृन्मयी’. जन्मदाखल्यावर काय लिहावं?

उत्तर : यादीतला अर्थ चुकीचा आहे. मृद् म्हणजे माती. तिला ‘मयट्’ प्रत्यय लागला की ‘मातीचं घडलेलं’ असा अर्थ होतो, आणि त्याचं स्त्रीलिंगी रूप ‘मयी’. म्हणजे मृण्मयी म्हणजे मातीची, मातीनं घडलेली. पृथ्वीची लेक म्हणायचं तर शब्द ‘भूमिजा’. सीतेचं नाव ते. भवभूतीच्या ‘उत्तररामचरिता’त रामानं यज्ञासाठी केलेली सीतेची प्रतिमा तर ‘हिरण्मयी’ आहे, सोन्याची! मृणाल (कमळाचा देठ) आणि मृगनयनी यांचाही या नावाशी संबंध नाही.

नातेवाइकांचं म्हणणं व्याकरणाला धरून आहे. मृद् + मय यात ‘म’मुळे ‘द्’चा ‘न्’ होतो. पुढे ‘ऋ’मुळे ‘ण्’ व्हावा असं वाटतं, पण पदाच्या (इथे ‘मृद्’च्या) शेवटच्या ‘न्’ला तो नियम लागत नाही. म्हणून छांदोग्य उपनिषदात ‘सर्वं मृन्मयं विज्ञातं स्यात्’ असाच पाठ आहे : मातीचा एक गोळा कळला की मातीचं सगळं कळतं. मराठीत मात्र ‘ण’ पक्का रुजलाय. इंदिरा संतांचा कवितासंग्रह ‘मृण्मयी’, गो. नी. दांडेकरांची कादंबरीही ‘मृण्मयी’. त्यामुळे मराठी नाव म्हणून ‘मृण्मयी’च लिहा, ‘न’चा हट्ट धरलात तर प्रत्येक कचेरीत कोणीतरी तो ‘सुधारून’ देईल.

घरातलं कुणी जाणकार ऋग्वेदातलं वसिष्ठांचं वरुणसूक्त (७.८९) पुढे करील. त्यात ‘मृन्मय गृहात मला जायला नको’ अशी प्रार्थना आहे आणि ते घर थडग्याचं मानतात. तेवढ्यावरून नाव अशुभ ठरत नाही. बंगालात दुर्गेच्या मातीच्या मूर्तीला मृण्मयीच म्हणतात. बिष्णुपूरला मृण्मयी देवीचं मंदिरही आहे.

आता दाखला. नावाशिवाय जन्मनोंद झाली असेल तर नोंदणीपासून १२ महिन्यांत नाव विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंबशुल्क भरून. एकदा घातलेलं नाव बदलणं मात्र कटकटीचं असतं, म्हणून सही करण्याआधी छापील मसुदा अक्षर-अक्षर वाचा. नेहमीच्या चुका तीन : ‘म्रुण्मयी’ (‘म’ला ऋकार हवा, रकार-उकार नव्हे), ‘मृणमयी’ (‘ण’ अर्धा हवा) आणि शेवटी ऱ्हस्व ‘यि’. रोमन लिपीत मराठी माणूस ‘मृ’साठी ‘यू’ वापरतो (Mru), हिंदी आणि बंगाली भाषक ‘आय’ (Mri). शेवटी ‘आय’ की दोन ‘ई’, हेही आधीच ठरवा. शाळा, आधार, पासपोर्ट सगळीकडे दाखल्यावरचंच स्पेलिंग राहू द्या.