कट फ्लॉवरसाठी, म्हणजे दांड्यासकट विकायच्या, फुलाची स्वतःची नवीन जात तयार करता येते का? किती वर्षं लागतात?

येते. जरबेऱ्यात सात-आठ वर्षं धरा, गुलाबात दहा. दोन लाख पुरतील का विचारलंय, तर अडचण पैशाची नाही, जागेची आहे. त्याकडे येतेच.

तुम्ही लिहिलंय की अर्धा एकर मोकळा आहे, ब्रशने परागीकरण करतानाचा व्हिडिओ बघितला, "एवढंच असेल तर मीही करीन" असं वाटलं, आणि जातीला आईचं नाव द्यायचं आहे. खरं तर याचं उत्तर एखाद्या शास्त्रज्ञाने द्यावं. पण "एवढंच असेल तर" हे वाचलं आणि मला राहवलं नाही.

आमचं मावळात दहा गुंठ्यांचं पॉलिहाऊस आहे, 2008 पासून जरबेरा, सहा हजारांच्या आसपास रोपं. मी बी.एस्सी. ॲग्री. लग्नानंतर डिग्री ट्रंकेत गेली होती. 2011 च्या हिवाळ्यात मुलाच्या चित्रकलेच्या डब्यातला शून्य नंबरचा ब्रश उचलला आणि सुरुवात केली.

ब्रशचं काम आठवड्यात येतं. जरबेऱ्याचं एक फूल म्हणजे शेकडो फुलांची तबकडी. कडेच्या पाकळ्या असतात ती मादी फुलं, ती आधी उमलतात. मधल्या डोळ्यातली फुलं पराग देतात, ती नंतर, बाहेरून आत एकेक कडं करत. म्हणजे आईच्या फुलाचा डोळा उघडायच्या आत कडेच्या पाकळ्यांच्या बुडाशी बापाचा पराग लावायचा. सकाळी नऊ ते अकरा, लागोपाठ तीन दिवस, वरून बटर पेपरची पिशवी. चार-पाच आठवड्यांत बी तयार होतं, अगदी म्हातारीसारखं. पंखा चालू ठेवून पिशवी उघडलीत तर खोलीभर गोळा करत फिराल. मी फिरले आहे. हे बी फार दिवस टिकत नाही, लगेच कोकोपीटमध्ये पेरायचं. आमच्या सासऱ्यांनी, आबांनी, "सूनबाई फुलांची लग्नं लावते" असं गावभर केलं होतं. रोज सकाळी विचारायचे, आज कुणाचा मुहूर्त आहे?

सव्वीस जोड्या लावल्या. अकराशेच्या वर बी मिळालं, सातशे रोपं जगली. सातशेही रोपं वेगवेगळी. जरबेरा मुळात दक्षिण आफ्रिकेतलं, बार्बर्टनकडचं रानफूल. 1890 च्या दशकात केंब्रिजच्या बागेत रिचर्ड लिंच यांनी त्याचा दुसऱ्या एका रानटी जरबेऱ्याशी संकर केला, आणि तेव्हापासून इतकी सरमिसळ झाली आहे की एकाच फुलाच्या बियांतून निघालेली चाळीस रोपं चाळीस तोंडाची निघतात. नवीन जात करायला हे फार सोयीचं. पण त्याच कारणाने बी धरून जात टिकत नाही. सातशेतलं एक रोप निवडायचं आणि तेच फोडून किंवा टिश्यू कल्चरने, म्हणजे प्रयोगशाळेत त्याच्या तुकड्यापासून रोपं करून, वाढवायचं.

आता जागा. एका चौरस मीटरला सहा रोपं. सातशे रोपांनी सव्वा गुंठ्याच्या आसपास जागा खाल्ली. बाजार आणि फवारणी थोरले दीर बघतात. त्यांनी हिशेब मांडला. विकत आणलेलं रोप वर्षाला पस्तीस फुलं देतं, म्हणजे साडेचोवीस हजार फुलं तू दरवर्षी पोरखेळात घालवतेस. आकडा बरोबर होता, म्हणून जास्त झोंबला. तुमच्याकडे अर्धा एकर आहे म्हणताय, पण पहिली तीन वर्षं त्यातून विकण्यासारखं काही निघणार नाही. घरी हे आधी बोलून घ्या, नंतर नाही.

पहिलं फूल पाच-सहा महिन्यांत येतं, आणि इथेच माणूस फसतो. सातशेतली निम्मी फुलं सुंदर असतात. अहो, सुंदर फुलं ढिगाने निघतात! कट फ्लॉवरमध्ये रंगावर जो भाळला तो संपला. दांडा किती लांब, तबकडीच्या खाली किती कणखर, ओढल्यावर बुडातून स्वच्छ निघतो की अर्ध्यात तुटतो, उन्हाळ्यात आखूड होतो का, झाडाला महिन्याला किती फुलं, आणि मावळातल्या जुलै-ऑगस्टमध्ये पाकळ्यांवर करड्या बुरशीचे ठिपके पडतात का, हे सगळं बघायचं. एका हंगामात यातलं काही कळत नाही. जानेवारीत सगळीच पोरं हुशार दिसतात. पहिल्या वर्षी साठ ठेवली, दुसऱ्या पावसाळ्यानंतर चौदा, 2014 संपताना पाच.

त्या पाचातली एक 217. पिकलेल्या पपईच्या गराचा रंग, डोळा काळा, पाकळीची पाठ पिवळसर आणि टोकाला बारीक खाच, जशी कुणी नखाने पाडलीय. दांडा माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत. मजूर बायकासुद्धा गुच्छ बांधताना तेवढं बाजूला काढून बघायच्या.

मग फुलदाणीतली चाचणी. पाच फुलं बादलीत ठेवायची आणि रोज लिहायचं. 217 च्या पाचातल्या चार फुलांनी चौथ्या दिवशी मान टाकली. जरबेऱ्याला हा रोग आहेच, तबकडीच्या खाली दांडा वाकतो आणि फूल जमिनीकडे बघायला लागतं. चार दिवसांत मान टाकणारं फूल हैदराबादला ट्रॅव्हल्सने कोण पाठवणार? मी वहीत लाल पेनाने लिहिलं, "217 – बाद". झाड उपटून दाराजवळच्या शेवटच्या बेडमध्ये लावलं, फेकायच्या रोपांत.

2015 च्या एप्रिलमध्ये एक नर्सरीवाले पॉलिहाऊस बघायला आले. मी माहेरी होते. त्यांची नजर त्या दाराजवळच्या झाडावर गेली. भावजी म्हणाले, "आवडलं? न्या की. ते फेकायचंच आहे." गड्ड्यासकट उपटून, ओल्या गोणपाटात गुंडाळून दिलं. पंधरा दिवसांनी त्यांच्याकडून हापूसची एक पेटी आली. चार वर्षांचं काम आणि एक पेटी, त्यातलेही चार आंबे नासके.

मी तेव्हा फार बोलले नाही, कारण मीच बाद केलं होतं.

2018 मध्ये चिंचवडला लग्नाला गेलो होतो. स्टेजच्या कमानीत पपईचा रंग, काळा डोळा. मी एक फूल ओढून काढलं. वरमाईने जे बघितलं माझ्याकडे! उलटं केलं, तर पाठ पिवळसर, टोकाला खाच. डेकोरेटरच्या पोराने सांगितलं, नवीन व्हरायटी आहे, आणि कसलंसं इंग्रजी नाव घेतलं. दुसऱ्या दिवशी मार्केट यार्डातून त्याच फुलांचा एक गुच्छ आणला, दहा फुलं, घरातल्या काचेच्या बरणीत ठेवली आणि वाट बघत बसले कधी मान टाकतायत. चौथा दिवस गेला, सातवा गेला. अकराव्या दिवशी मीच फेकली, पाकळ्या मलूल झाल्या होत्या, पण माना ताठ.

दोन रात्री झोप नाही. मग आठवली ती बादली.

पाचांपैकी चार नंबरांची चाचणी मी नवीन बादलीत केली होती. 217 ची राहिली होती, ती पुढच्या आठवड्यात शेडमधल्या जुन्या बादलीत केली, जिच्या आतून हिरवट बुळबुळीत रेघ होती. जरबेऱ्याच्या दांड्यावर लव असते, तिला घाण धरते, पाण्यात जिवाणू वाढतात आणि दांड्याच्या नळ्या बुजवतात. पाणी वर चढत नाही, मान पडते. म्हणून बादली घासायची, पाण्यात क्लोरीन टाकायचं आणि पाणी चार-पाच बोटंच ठेवायचं. हे मला कॉलेजात शिकवलं होतं. परीक्षेत लिहिलंही होतं, मार्क मिळाले होते.

म्हणजे मी जात नापास केली नव्हती, बादली नापास केली होती.

आता भांडण. भावजी म्हणतात, तूच बाद लिहिलं होतंस, मी फक्त केर काढला. मी म्हणते, बाद लिहिलं होतं, दान लिहिलं नव्हतं. दर दिवाळीला फराळाच्या ताटावर हे निघतंच. जाऊबाई आता दोघांच्या ताटात न विचारता चकल्या वाढतात, तोंडं बंद राहावीत म्हणून. तुम्हीच सांगा, नंबर घातलेलं, वहीत नोंदलेलं झाड घरातल्या माणसाला न विचारता देता येतं का? बाद झालेलं रोप खड्ड्यात जातं, पाहुण्याच्या गाडीत नाही. याला मी तरी उत्तर ऐकलेलं नाही.

तुमच्या प्रश्नांची उत्तरं राहिली. कोणतं फूल? तुमची जागा उघडी असेल तर जरबेऱ्याच्या नादी लागू नका. ॲस्टर घ्या. त्याचं बहुतेक परागीकरण स्वतःच्याच फुलात होतं, त्यामुळे संकरानंतर पिढ्यान्‌पिढ्या निवड करत गेलात की बियांनीच जात स्थिर होते, टिश्यू कल्चरचा खर्च नाही. राहुरी कृषी विद्यापीठाच्या 'फुले गणेश' मालिकेतले ॲस्टर आधी लावून बघा, कशाशी स्पर्धा आहे ते कळेल. ग्लॅडिओलस बियांपासून केलात तर फुलण्याजोगा कंद व्हायलाच दोन-तीन हंगाम जातात. निशिगंधात डबलला (पाकळ्यांचे अनेक थर असलेल्याला) बी धरत नाही, एकेरी पाकळ्यांच्या सिंगलवर काम करावं लागतं. बंगळूरच्या आयआयएचआर या बागायती संशोधन संस्थेने 'प्रज्वल' काढला तो 'शृंगार' आणि 'मेक्सिकन सिंगल'च्या संकरातून. आणि शेवंतीवाल्यांनी तर ब्रशही उचलू नये. शेतात हिंडावं. एखाद्या फांदीला अचानक वेगळ्या रंगाचं फूल येतं, ती फांदी छाटून कलम लावलं की झालं. डोळे उघडे हवेत, बस.

आईचं नाव देता येतं. 2001 च्या वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याखाली नोंदणी होते, शेतकऱ्याला फी माफ आहे. जात वेगळी, एकसारखी आणि स्थिर आहे हे चाचणीत सिद्ध व्हावं लागतं. झाडं आणि वेलींना 18 वर्षं, बाकी पिकांना 15 वर्षं संरक्षण मिळतं. तुमचं पीक अधिसूचित यादीत आहे का ते आधी बघा, गुलाब आणि शेवंती आहेत. नुसता आकडा नाव म्हणून चालत नाही, म्हणजे माझं "217" तसंही बसलं नसतं. आणि एक लक्षात ठेवा, अर्जाआधी एक वर्षाहून जास्त काळ जात विकत असाल तर ती "नवीन" राहत नाही. लोक आधी बाजारात मिरवतात आणि मग कागद शोधतात.

दुसऱ्याच्या संरक्षित जातीचा आई-बाप म्हणून वापर करून नवीन जात काढायला हा कायदा अडवत नाही. अडवतो तो तीच जात विकायसाठी वाढवायला. संकरित बियाणं काढायला तिचा पुन्हापुन्हा पालक म्हणून वापर करायचा असेल तर मात्र परवानगी लागते. माझ्या सव्वीस जोड्यांतले बहुतेक आई-बाप डच कंपन्यांचेच होते. हे मी मघाशी सांगायला हवं होतं. रोपं घेताना सही केलेला कागद काय म्हणतो तेही वाचा, मी वाचला नव्हता.

आणखी एक, तेही उशिरा सांगते. चिंचवडचं फूल 217 च होतं याचा माझ्याकडे पुरावा नाही. तारखेसकट फोटो नाही, पान दाबून ठेवलेलं नाही, दुसरं फोडलेलं झाड नाही. पपई रंगाच्या काळ्या डोळ्याच्या जाती बाजारात बऱ्याच आहेत. खाच मात्र... असो. तुम्ही निवडलेल्या प्रत्येक नंबरची दोन झाडं दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा, एका ठिकाणाची किल्ली घरात कुणालाच देऊ नका. वही पेन्सिलने लिहू नका. लेबल पत्र्याचं करा, प्लास्टिकचं उन्हात वर्षात पुसतं. पाहुणे येणार असतील त्या दिवशी माहेरी जाऊ नका.

मागच्या वर्षी जुनं पीक काढून नवीन लागवड केली. कुठली व्हरायटी घ्यायची ते भावजी ठरवतात. त्यांनी तीच पपईवाली निवडली, बाजारात उठाव आहे म्हणून. चारशे रोपं. बिल माझ्या खात्यातून गेलं, रॉयल्टीसकट. ऑक्टोबरमध्ये पहिली फुलं आली, त्यातल्या सहा फुलांवर मी ब्रश फिरवला आहे. बी पेरलंय, छप्पन्न उगवली आहेत. नंबर 301 पासून दिलेत. बादली मीच घासते.